हरण आणि ऋण : फुकटच्या पिक्सेल-चित्रांविषयी

संगणकावरचा खेळ एकट्याने घडवू पाहणाऱ्याची पहिली अडचण चित्रांची असते. कथा सुचते, नियम रचता येतात, प्रोग्रॅमिंगही शिकता येते. पण घर, झाड, पायवाट आणि त्यावरून चालणारा माणूस काढणार कोण? म्हणून बहुतेक जण पिक्सेल-चित्रांच्या तयार संचांकडे वळतात. ठिपक्यांच्या रांगोळीसारखी मोजून भरलेली, १६ बाय १६ किंवा ३२ बाय ३२ चौकटींची ही चित्रे ओपनगेमआर्ट, इच.आयओ, केनी अशा संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. त्यांच्या वापराविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, जालावर आहे म्हणजे ते सर्वांचेच. दुसरे, दुसऱ्याची चित्रे घेतली तर ती निर्मिती कसली? मला दोन्ही मते अपुरी वाटतात. या वादात आपले जुने काव्यशास्त्र उपयोगी पडेल, आणि त्याची वाट वाशिमवरून जाते.

आजचे वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला, तो विदर्भातल्या याच वत्सगुल्मात. त्याच ग्रंथाच्या अकराव्या ते तेराव्या अध्यायांत त्याने ‘हरणा’ची, म्हणजे एका कवीने दुसऱ्याकडून शब्द वा अर्थ उचलण्याची, सविस्तर चिकित्सा केली आहे. उचलणे घडतच असते हे तो गृहीत धरतो. त्याचा प्रश्न उचलून पुढे काय केले, हा आहे. अर्थ तोच ठेवून केवळ मांडणी बदलणारे ‘प्रतिबिंबकल्प’ हरण कवीचे कवित्वच घालवते, म्हणून ते टाळावे असे तो सांगतो. थोडा संस्कार करून वस्तू वेगळी भासवणारे ते ‘आलेख्यप्रख्य’. विषय निराळा, पण साम्यामुळे एकच वाटणारे ते ‘तुल्यदेहितुल्य’. आणि मूळ एक असूनही रचना सर्वस्वी नवी असते, ते ‘परपुरप्रवेशसदृश’.

खेळांना ही मोजपट्टी सहज लागू पडते. तयार संच जसाच्या तसा मांडून, वर नाव चिकटवून विकलेला खेळ म्हणजे निव्वळ प्रतिबिंब. त्याच चित्रांची रंगपेटी बदलून आपल्या कथेचा काळवेळ त्यांत आणणे ही दुसरी पायरी. आणि परक्या गवती छपराच्या चित्रातून चार छटांत उजेड कसा पाडला आहे एवढेच उचलून त्यातून कारंज्याची वेस उभी करणे, हा खरा परपुरप्रवेश.

एका बाबतीत मात्र राजशेखराच्या परंपरेशी मतभेद नोंदवला पाहिजे. त्याने पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत दिले आहे. तो कवी अप्रसिद्ध आहे आणि मी प्रसिद्ध. त्याच्या भाषेला मान नाही, माझ्या भाषेला आहे. कर्ता दूर देशीचा आहे. अशा कारणांनी हरण करायला हरकत नाही, असा त्याचा आशय. ही यादी वाचताना दचकायला होते. परदेशातल्या कुणा अनाम चित्रकाराचे काम आपण उतरवून घेतो तेव्हा नेमक्या याच सबबी मनात असतात. तो दूर आहे, त्याला कोण ओळखतो, त्याला कळणार कसे!

मुक्त परवान्यांनी या सबबींना उत्तर दिले आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून प्रचारात आले. त्यांतल्या ‘सीसी-झीरो’खालचे काम कोणत्याही अटीविना वापरता येते, केनीचे संच याच प्रकारचे. ‘सीसी-बाय’मध्ये कर्त्याचे नाव देणे बंधनकारक असते. ‘बाय-एसए’मध्ये त्यापुढे जाऊन, चित्रात केलेले बदल वाटताना त्याच अटींवर वाटावे लागतात. म्हणजे फुकट आणि मुक्त हे समानार्थी शब्द नव्हेत. इच.आयओवरच्या अनेक संचांना पैसे पडत नाहीत, पण त्यांच्या अटी ज्याने त्याने आपापल्या घातलेल्या असतात. आणि जुन्या व्यावसायिक खेळांतून खरवडून काढलेली चित्रे तर मुळीच मुक्त नसतात. यावरचा उपाय साधा आहे. चित्र उतरवले त्याच दिवशी कर्ता, ठिकाण आणि परवाना एका वहीत लिहून ठेवावा. आपण संशोधनासाठी टिपणे काढताना पृष्ठांक लिहितो, तसाच.

दुसरे पथ्य एकजिनसीपणाचे. दहा ठिकाणची चित्रे आणली की प्रत्येकाचा उजेड निराळ्या दिशेने येतो आणि खेळ गोधडीसारखा दिसतो. २०१२ साली क्रिएटिव्ह कॉमन्स, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि ओपनगेमआर्ट यांनी घेतलेल्या ‘लिबरेटेड पिक्सेल कप’ या स्पर्धेत म्हणूनच आधी एक शैलीपत्रक ठरवण्यात आले. त्यामुळे अनेकांनी काढलेली चित्रे एकमेकांशेजारी शोभतात.

तरीही मोठी उणीव उरतेच. या संचांत किल्ला, मद्यगृह, सूचिपर्णी झाडे, बर्फ हे सारे उदंड आढळते. पण वाशिमच्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या गावावर खेळ करायचा असेल तर तुरीचे शेत, पद्मतीर्थ, पोहरादेवीच्या यात्रेतली आरसे जडवलेली वस्त्रे त्याला कुठे मिळणार? तयार चित्रांवरच विसंबून राहिला तर त्याची कथा मराठी बोलेल आणि युरोपात राहील. भाषांतरित कादंबऱ्यांच्या छायेत वाढलेल्या आपल्या वाङ्मयाला ही अवस्था अपरिचित नाही. म्हणून घेणाऱ्याने काही परतही ठेवावे: एक वेस, एक बाभूळ, एक बैलगाडी, आणि तीही मुक्त परवान्याने.

नाव देण्याचे मोल वाशिमला तरी वेगळे सांगायला नको. वत्सगुल्म शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. कृष्णाने सत्यभामेसाठी केलेले पारिजातहरण हा त्याचा विषय. ते काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धनासारख्या आचार्यांनी सर्वसेनाच्या नावानिशी त्याचा उल्लेख केला, पुढच्यांनी त्यातल्या गाथा उद्धृत केल्या, म्हणूनच ते होते एवढे तरी आपल्याला ठाऊक आहे. हरणाचे काव्य ऋणनिर्देशाने टिकले. खेळाच्या शेवटी येणारी, कुणीही न वाचणारी ती श्रेयनामावली मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.