किल्ल्यांची खतावणी

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी तीन तर पेढीवर बसणाऱ्या श्रावकाला रोज सावध करणारे आहेत. दुसऱ्याच्या नावाने खोटा लेख तयार करणे ही कूटलेखक्रिया. ठेवीदार आपल्या ठेवीचा आकडा विसरून कमी मागू लागला असता तेवढ्यालाच होकार देऊन उरलेली ठेव दडपणे हा न्यासापहार. दुसऱ्याचा गुप्त विचार हावभावांवरून ओळखून तो उघड करणे हा साकारमंत्रभेद. वहीच्या जागी संगणक आला आणि पत्राच्या जागी ई-मेल आला, तरी दोषांची ही यादी जुनी झालेली नाही.

परभणी जिल्ह्यातील पेडगावात कापूस, सोयाबीन आणि तूर यांचा व्यापार करणारी एखादी पेढी डोळ्यांसमोर आणावी. पेढीचा एक ई-मेल पत्ता, वडिलांचा दुसरा, पुण्यात राहून हिशेब पाहणाऱ्या मुलाचा तिसरा. भावाची बोलणी, माल उचलण्याच्या तारखा, बँक खात्यांचे क्रमांक हे सारे या तीन पत्त्यांवरून ये-जा करते. साधा ई-मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रावर वाचता येईल अशा रूपात राहतो, आणि खात्याचा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल त्याला पेढीचे सारे मनोगत कळते. तो पेढीच्याच नावाने खरेदीदाराला लिहूही शकतो की, आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी. माल गेलेला असतो, रक्कम परक्या खात्यात जमा होते, आणि दोन जुन्या घरांमध्ये संशय उभा राहतो. मंत्रभेद आणि कूटलेख दोन्ही एकाच चोरीतून घडतात.

यावरचा उपाय दोन किल्ल्यांचा आहे. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या संशोधकांनी त्याचे तत्त्व प्रसिद्ध केले. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी हा प्रोग्रॅम देऊन ते सामान्य माणसाच्या पत्रव्यवहारात आणले. थंडरबर्ड या ई-मेल प्रोग्रॅममध्ये २०२० पासून ही सोय अंगभूत आहे. यातील सार्वजनिक किल्ली सर्वांना वाटावयाची; तिने पत्राला केवळ कुलूप लागते. ते उघडणारी खासगी किल्ली मालकाजवळच राहते. तसेच खासगी किल्लीने केलेली स्वाक्षरी सार्वजनिक किल्लीने पारखता येते. कुलूप मंत्रभेदापासून राखते, स्वाक्षरी कूटलेखापासून. सार्वजनिक किल्ली कोणापाशीही असू शकते, म्हणून कुलूपबंद पत्र आले एवढ्यावरून ते खऱ्या माणसाचे ठरत नाही. स्वाक्षरी पाहिलीच पाहिजे.

अडचण सुरू होते ती पत्ते आणि किल्ल्या वाढल्या म्हणजे. संगणक बदलला की नवी किल्ली तयार होते, जुनी तशीच राहते, आणि तीन पत्त्यांच्या पाच-सहा किल्ल्या होतात. मग ‘पत्र उघडत नाही’ ही तक्रार येते. बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते. पाठवणाऱ्याने पेढीची जुनी सार्वजनिक किल्ली वापरलेली असते आणि तिची जोडीची खासगी किल्ली नव्या संगणकावर आणलेलीच नसते. पत्र कोणत्या किल्लीसाठी बंद केले आहे, तिचा क्रमांक बहुधा पत्रासोबतच असतो. तो प्रथम पाहावा आणि जुन्या संगणकातून ती खासगी किल्ली जपून आणावी. नवी किल्ली झाली म्हणून जुनी पुसून टाकणे ही सर्वांत महाग चूक आहे, कारण तिच्यामागे तेवढ्या वर्षांचा पत्रव्यवहार कायमचा बंद होतो.

दुसरी अडचण एकाच पत्त्याच्या दोन किल्ल्यांची. समोरच्याचा प्रोग्रॅम त्यांतली कोणती उचलील याचा भरवसा नसतो. म्हणून जुनी किल्ली रीतसर रद्द घोषित करावी, तिची रद्द झालेली सार्वजनिक प्रत आणि नवी सार्वजनिक किल्ली सर्व व्यापाऱ्यांना पाठवावी. खासगी जुनी किल्ली मात्र जुनी पत्रे वाचण्यासाठी ठेवावी. याउलट एकाच व्यक्तीचे दोन पत्ते असतील, तर एकाच किल्लीवर दोन्ही पत्ते नोंदवता येतात. ही नोंद राहून गेली, की त्या पत्त्यासाठी किल्लीच सापडत नाही किंवा स्वाक्षरीवर शंका दाखवली जाते.

तिसरी तक्रार स्वतःच पाठवलेले पत्र स्वतःला न उघडण्याची. पत्राचा मजकूर एकदाच बंद होतो, आणि तो उघडणारी छोटी किल्ली प्रत्येक वाचकाच्या सार्वजनिक किल्लीने वेगवेगळी बंद करून सोबत जाते. त्या वाचकांत पाठवणाऱ्याचे नाव नसेल, तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. प्रोग्रॅममध्ये ‘स्वतःसाठीही बंद करा’ हा पर्याय चालू आहे ना, हे पाहावे. किल्लीला मुदतही असते. ती संपल्यास नवी किल्ली करण्याची गरज नाही. खासगी किल्ली हाताशी असेल तर मुदत वाढवून सार्वजनिक किल्ली पुन्हा वाटावी.

एक सावधगिरी मात्र यंत्रावर सोपवता येत नाही. कोणाच्याही नावाने आणि पत्त्याने कोणीही किल्ली तयार करू शकतो. आजच्या बहुतेक पीजीपी किल्ल्यांना चाळीस अक्षर-अंकांची खूण असते. नवी किल्ली आली की जुन्या माहितीच्या फोन क्रमांकावर बोलून ती खूण दोघांनी वाचून ताडावी. त्याच पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करणे व्यर्थ आहे.

अनेक घरांत हेच तत्त्व यूएसबी टोकनमधील डिजिटल स्वाक्षरीच्या रूपाने आधीच आलेले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार खासगी किल्ली आपल्या ताब्यात राखण्याची वाजवी काळजी घेणे आणि ती परक्या हाती गेल्यास विनाविलंब प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवणे हे प्रमाणपत्रधारकाचे कर्तव्य आहे. तरीही टोकन आणि त्याचा पिन हिशेबनीसाच्या खणात ठेवून घरे निश्चिंत असतात. हिशेबनीस कितीही सज्जन असला, तरी त्याच्या माथी असा भार घालणे उचित नव्हे.

हुंडी हरवली तर पूर्वी पैठ लिहून मिळे, पैठही हरवली तर परपैठ. खासगी किल्लीला पैठ नाही. तिची प्रत आधी करून ठेवली नसेल, तर ती हरवल्यावर किल्ली बनवणाराही काही करू शकत नाही. कर्त्या पुरुषाच्या निधनानंतर त्याचा परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नसेल, तर कोणाचे किती देणे आणि कोणाची कोणती ठेव याचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. वारस अनभिज्ञ राहतात आणि ठेवीदाराला त्याचे पूर्ण मिळत नाही. हेतू नसतानाही परिणाम न्यासापहारासारखाच होतो.

म्हणून प्रत्येक पेढीने किल्ल्यांची एक खतावणी ठेवावी. पत्ता कोणता, किल्लीची खूण कोणती, ती केव्हापासून केव्हापर्यंत, कोणाच्या हाती, प्रत कोठे, रद्द झाली असल्यास कोणत्या दिवशी, एवढे रकाने पुरेत. परवलीचे शब्द या वहीत लिहू नयेत. ते मोहोरबंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत आणि पाकीट कोठे आहे हे घरातील दोघांना ठाऊक असावे. महावीर निर्वाणाच्या दिवाळीत नव्या वह्यांची पूजा होते. त्याच दिवशी ही खतावणी उघडून प्रत्येक किल्लीने एकेक जुने पत्र उघडून पाहावे. जे पत्र उघडणार नाही, त्याची चौकशी जुना संगणक भंगारात जाण्यापूर्वीच करता येईल.