हसू नका, बोलू द्या




आपल्या रविवारच्या मराठी वर्गाचे आणखी एक वर्ष संपत आले. वर्ष नेहमीसारखेच गेले. हिवाळ्यात दोन रविवार बर्फाने खाल्ले. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे गेली. मोबाईलमधले घड्याळ आपोआप बदलते, पण स्वयंपाकघरातले आणि गाडीतले बदलत नाही, त्यामुळे बरीच मंडळी प्रार्थना संपल्यावर आली. भाड्याच्या वर्गखोलीत फळ्याच्या एका कोपऱ्यात 'पुसू नये' असे इंग्रजीत लिहिलेले असते. त्या चौकोनाला वळसा घालून आम्ही बाराखडी लिहिली, आणि जाताना प्रत्येक खुर्ची होती तशी लावून ठेवली. परदेशात शाळा चालवायची म्हटल्यावर हे चालायचेच.

एक गोष्ट मात्र 'चालायचेच' म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या छोट्यांच्या वर्गात खुर्च्या पुरत नाहीत आणि मोठ्यांच्या वर्गात खुर्च्या रिकाम्या असतात. बारा-तेरा वर्षांची झाली की मुले गळू लागतात. कारण विचारले तर सॉकर, पोहणे, पियानो, शाळेचा अभ्यास अशी यादी मिळते. ही कारणे खोटी नाहीत. पण सॉकर आठव्या वर्षीही होताच की! आमच्या मते खरे कारण वेगळे आहे. मुले मराठीला कंटाळत नाहीत, ती मराठी बोलायला लाजू लागतात. आणि ती लाजतात, कारण आपण मोठी माणसे त्यांच्या मराठीला हसतो.

हसण्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. मूल काहीतरी गमतीदार बोलते, आपल्याला कौतुक वाटते आणि हसू फुटते. पाच वर्षांच्या मुलाला त्यात गंमत वाटते, कारण त्याला वाटते आपण सगळ्यांना हसवले. तेरा वर्षांच्या मुलीला तसे वाटत नाही. तिला वाटते, आपल्याला हसले.

एक उदाहरण देतो. वर्गातली एक मुलगी धडा न अडखळता वाचते, शुद्धलेखनात तिचे फारसे गुण जात नाहीत. पण रविवारी दुपारी भारतात फोन लागला, की आजी विचारते, "कशी आहेस?" ही म्हणते, "बरी." आजी विचारते, "जेवलीस का?" ही म्हणते, "हो," आणि फोन आईच्या हातात देते. घरच्यांना वाटते, तिला रस नाही. आम्ही तिला सहज विचारले तेव्हा ती दोनच शब्द बोलली, "ते हसतात." भारतातल्या सुट्टीत मामा, मावशी, आत्या सगळ्यांनी प्रेमाने भोवती गोळा होऊन म्हटले होते, "बोल ना, बोल ना परत एकदा!" तेव्हापासून तिने बोलणेच कमी केले.

आता ही मुले चुकतात तरी काय, ते पाहू. आमच्या वह्यांत अशा चुकांचा मोठा साठा आहे, आणि तो पाहिल्यावर आम्हांला हसण्यापेक्षा नवलच जास्त वाटते.

एखादा मुलगा म्हणतो, "मी येते." सगळे हसतात. पण इंग्रजीत मुलगा आणि मुलगी दोघांचे क्रियापद एकच असते. 'येतो' आणि 'येते' हा फरक कानानेच उचलावा लागतो, आणि त्याच्या कानावर मराठी पडते ती बहुतेक आईची आणि आजीची. म्हणजे तो चुकला, कारण त्याने आईचे नीट ऐकले! भारतात गल्लीत खेळायला गेला असता तर चार दिवसांत हे आपोआप सुधारले असते. इथे गल्लीच मराठी नाही.

दुसरी मुलगी म्हणते, "मी भात खाल्ले." तिला हसण्याआधी आपणच विचार करावा. मुलगी 'मी जेवले' म्हणते, 'मी दूध प्यायले' म्हणते, 'मी धडा शिकले' म्हणते. ही सगळी बरोबर. मग 'मी भात खाल्ले' का नाही? तिथे एकदम 'खाल्ला' का? कारण तिथे क्रियापद खाणारीकडे पाहत नाही, भाताकडे पाहते. दूध पिताना मात्र ते पिणारीकडेच पाहते. आपण हे न शिकता बोलतो म्हणून आपल्याला सोपे वाटते. तिने चार वाक्यांवरून नियम काढला आणि पाचव्याला लावला. याला आम्ही हुशारी म्हणतो.

'चहा'तला च वेगळा आणि 'चाका'तला च वेगळा, पण लिहायचा एकच. आईला 'तू' आणि आजोबांना 'तुम्ही', पण इंग्रजीत दोघांनाही एकच शब्द. "आजोबा, तू बस ना माझ्याजवळ," असे नातू म्हणाला तर तो उद्धटपणा नसतो, जवळ बसायला जागा केलेली असते. तसेच 'आम्ही' आणि 'आपण'चे. "आई, आम्ही बागेत जाऊया?" असे मूल विचारते, तेव्हा त्याला आईला घरी ठेवायचे नसते. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून हाताला लागला तो त्याने उचलला.

आणि आकडे! एकवीस म्हणताना आपण एक आधी म्हणतो आणि वीस नंतर. इंग्रजीत बरोबर उलटे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. नव्याण्णवला मात्र हा नियमही लागू नाही. आपली मुले 'वीस एक' म्हणतात आणि आपण हसतो. पण 2019 साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात मुलांना सोपे जावे म्हणून याच पद्धतीचे संख्यावाचन दिले गेले आणि त्यावर केवढा तरी वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा आजचा विषय नाही. मुद्दा एवढाच की जे महाराष्ट्रातल्या मुलांनाही अवघड जाते, ते इथल्या मुलाला अवघड गेले तर त्यात हसण्यासारखे काय?

पालकांनी स्वतःचे इथले पहिले वर्ष आठवून पाहावे. दुकानात एखादी वस्तू मागितली आणि काउंटरवरच्या मुलीने भुवया उंचावून पुन्हा विचारले. आपण पुन्हा सांगितले, तिने पुन्हा विचारले, आणि शेवटी आपण बोट दाखवले. आपण मराठी माणसे इंग्रजीतल्या 'व' आणि 'व्ह' यांची हमखास अदलाबदल करतो. कॉलेजात इंग्रजीत पहिला वर्ग मिळवलेली माणसेसुद्धा फोनवर आपले आडनाव एकेक अक्षर सुटे करून सांगताना घामाघूम झालेली आहेत. त्या दिवसांत कोणी हसले तर आपण काय केले? कमी बोललो. मीटिंगमध्ये गप्प बसलो. आपल्याला नोकरी होती, म्हणून पुन्हा तोंड उघडावे लागले. मुलांना मराठीत तोंड उघडायची अशी सक्ती नाही. ती एकदा गप्प झाली की गप्पच राहू शकतात.

बालमित्रांनो, आता थोडे तुमच्याशी. तुम्हीही आईबाबांच्या इंग्रजीला हसता, हे आम्हांला ठाऊक आहे! मित्रांसमोर "आई, असं नाही म्हणत," असे तुम्ही पुटपुटता तेव्हा आईच्या चेहऱ्याकडे एकदा बघा. तिला तुमची भाषा मोठेपणी शिकावी लागली. तुम्हांला तिची भाषा लहानपणी शिकावी लागते आहे. दोघांचेही काम अवघड आहे. म्हणून घरात एक करार करा: कोणी कोणाला हसायचे नाही, आणि विचारल्याशिवाय चारचौघांत चूक काढायची नाही.

काही पालक म्हणतील, "चूक दाखवायचीच नाही, तर मराठी बिघडणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. आम्ही वर्गात व्याकरण शिकवतो, वहीत लाल शाई वापरतो, आणि पुढेही वापरू. पण वही वेगळी आणि बोलणे वेगळे. मूल म्हणाले, "मी पोळी खाल्ली नको," तर वाक्य तोडू नये. "बरं, पोळी नको का? मग भात घे," एवढेच म्हणावे. बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडले, त्याला उत्तरही मिळाले, आणि गप्पा थांबल्या नाहीत. अशी शंभर वाक्ये कानावरून गेली की चूक बरीचशी आपोआप झडते. हसल्याने वाक्य सुधारत नाही, थांबते.

शिवाय, थोडी वेगळी झालेली मराठी म्हणजे मेलेली मराठी नव्हे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळात तंजावरला गेलेल्या मराठी मंडळींच्या घरची मराठी आज पुण्याच्या माणसाच्या कानाला निराळी लागते. तिच्यात तमिळची सरमिसळ झाली आहे. पण ती साडेतीनशे वर्षे टिकली, कारण घरात बोलली गेली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायचे ठरवले, तेव्हा आपण सर्वांनी एकमेकांना अभिनंदनाचे निरोप पाठवले. अभिमान जरूर असावा. पण दिल्लीत मिळालेला दर्जा आपल्या जेवणाच्या टेबलावर मराठी बोलत नाही. तिथे ती आपणच बोलायची आहे, आणि मुलांना बोलू द्यायची आहे.

म्हणून वर्गाच्या वतीने आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, घरात मुलाच्या मराठीची नक्कल पाहुण्यांसमोर करून दाखवू नका. दुसरी, भारतात जाण्यापूर्वी आजी-आजोबा आणि मामा-मावशांना फोन करून सांगा, की मूल बोलेल तसे बोलू द्या आणि त्याला उत्तर द्या. ही गोष्ट मुलाने सांगायची नसते, आपण सांगायची असते. तिसरी, मोठ्या मुलांना वर्गातून काढण्यापूर्वी एकदा आमच्याशी बोला. त्यांना बाराखडी गिरवायची नसेल तर छोट्यांना गोष्ट सांगायला द्या, नाटकात घ्या, या अंकासाठी चार ओळी लिहू द्या. चुका असल्या तरी आम्ही त्या छापू.

पुढच्या रविवारी वर्ग नेहमीच्या वेळी, नेहमीच्या खोलीत भरेल. मोठ्या मुलांना आवर्जून आणावे. वर्ग सुटतो तेव्हा भारतात रात्रीचे दहा वाजायला आलेले असतात आणि बऱ्याच आज्या जाग्या असतात. गाडीतूनच फोन लावा, तो मुलाच्या हातात द्या, आणि तुम्ही रस्त्याकडे लक्ष द्या.



आपल्या वर्गाचे शिक्षक