गुडघ्यातली वाटी कोणत्या कंपनीची?

मेथीच्या जुडीसाठी आपण दोन रुपयांची घासाघीस करतो. साडीचा पोत उजेडात नेऊन बघतो. पण सासूबाईंच्या गुडघ्यात किंवा घरधन्याच्या रक्तवाहिनीत जी वस्तू कायमची बसणार, तिची कंपनी कोणती, किंमत किती, हे विचारायला मात्र जीभ रेटत नाही. सेलू-जिंतूरहून नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठलेलं असतं. "डॉक्टरसाहेब म्हणतील तसं," म्हणून आपण सही करून मोकळ्या होतो.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि उपकरणं बनवणारे कारखाने यांना इंटरनेटवर थेट जोडावं, ही कल्पना म्हणूनच आपल्याही कामाची आहे. आज मधे आयातदार, वितरक, मग रुग्णालय अशी साखळी असते आणि प्रत्येक कडीला किंमत चढते. ती किती चढते, हे २०१७ मध्ये उघड झालं. त्या फेब्रुवारीत सरकारने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत कर सोडून २९,६०० रुपये ठरवली. याआधी त्याचेच लाखाच्या वर पैसे मोजले जात. ऑगस्टमध्ये गुडघ्याची पाळी आली. सर्रास वापरला जाणारा, सरासरी १ लाख ५८ हजारांचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला.

लहान गावातल्या डॉक्टरला विक्री प्रतिनिधी बॅगेतून दाखवील तेवढाच माल ठाऊक असतो. दहा कंपन्यांचा माल, दर आणि परवाने एका जागी दिसले, तर त्यालाही तुलना करता येईल.

पण खरी गोम पुढेच आहे. पोर्टलचा खर्च कंपन्याच करणार असतील, तर ते माहितीचं दुकान होईल की जाहिरातीचं? डॉक्टरांना भेटवस्तू आणि परदेशवाऱ्या देऊ नयेत, अशी आचारसंहिता उपकरणांच्या कंपन्यांसाठी २०२४ मध्ये आणावी लागली. ती काही उगाच नाही.

आणि या सगळ्यात पेशंट कुठे आहे? जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा 'एएसआर' हा खुब्याचा सांधा आठवा. बसवलेल्या प्रत्येक सांध्याची नोंद ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलियात त्यातला दोष आकड्यांत दिसला आणि २००९ मध्येच तो तिथल्या बाजारातून गेला. कंपनीने जगभरातून माल परत घेतला तो २०१० मध्ये. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार केली, पण नुकसानभरपाईचं सूत्र ठरायला २०१८ उजाडलं. तोवर अनेक पेशंटचा पत्ताच लागेना, कारण कुणाच्या अंगात काय बसवलंय याची धड नोंदच नव्हती.

म्हणून पोर्टल काढायचंच तर दोन पायांचं नको, तीन पायांचं हवं. डॉक्टर, कारखाना आणि पेशंट. किंमत सगळ्यांना दिसावी, कोणत्या क्रमांकाचा सांधा कुणाला बसवला याची नोंद राहावी, तक्रारीलाही तिथंच जागा असावी.

ते होईल तेव्हा होईल. तोवर एवढं करा. शस्त्रक्रियेआधी कंपनी आणि किंमत विचारा. नंतर सांध्याच्या खोक्यावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलंय का ते बघा आणि त्याची झेरॉक्स रेशनकार्डासारखी जपून ठेवा. पक्कं बिल घ्या. बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांबरोबर हाही विषय काढा. विचारल्याने डॉक्टर रागावतील, ही भीती सोडा. जो नीट काम करतो, तो नीट उत्तरही देतो.