चार्जिंग केंद्रावर चाकाच्या खुर्चीलाही जागा हवी

विजेवर चालणाऱ्या मोटारींचा आणि आरोग्याच्या या सदराचा काय संबंध, असा प्रश्न मथळा वाचून काही वाचकांना पडेल. गेल्या महिन्यापर्यंत मलाही तो पडला असता. परंतु उजवा खांदा धरून दवाखान्यात आलेल्या एका रुग्णाने माझे डोळे उघडले, म्हणून आज हा विषय.

हे गृहस्थ माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. दोन वर्षांचे असताना पोलिओ झाला आणि दोन्ही पाय अधू झाले. घरात कॅलिपर आणि कुबड्या, बाहेर चाकाची खुर्ची. परंतु माणूस जिद्दीचा. बरीच वर्षे त्यांनी पेट्रोलची जुनी मोटार हाताने चालवता येईल अशी करून घेऊन वापरली. दीड वर्षापूर्वी विजेवरची घेतली. अशा व्यक्तींना ही मोटार सोयीची असते. तिला क्लच नाही, गियर बदलणे नाही. ब्रेक आणि वेग यांच्यासाठी हाताचा दांडा बसवला व आरटीओकडे तशी नोंद करून घेतली की पायांचे काम उरत नाही. रोज शाळेत जायचे आणि रात्री घरीच मोटार चार्जिंगला लावायची, असा त्यांचा क्रम सुरळीत चालू होता.

मुलीला पुण्यात महाविद्यालयात सोडून ते एकटेच सांगलीकडे परत निघाले आणि चार्जिंगसाठी महामार्गावरील एका केंद्रावर थांबले. तेथे दोन मोटारींची जागा होती. मध्ये वीतभर उंच सिमेंटचा चौथरा, त्यावर यंत्र आणि त्याच्यासमोर लोखंडी नळ्यांचा अडसर. एका जागेत आधीच मोटार उभी. सरांनी दुसऱ्या जागेत मोटार घातली, तर दार अर्धेच उघडेना. खुर्ची बाहेर काढून उलगडणार कोठे? अखेर शेजारची मोटार जाईपर्यंत पाऊण तास ते उन्हात थांबले. मग दोन्ही जागांच्या मधोमध मोटार लावून कसेबसे उतरले. खुर्ची चौथऱ्याला टेकली, तरी यंत्र हातभर लांबच. अंग पुढे झोकून एका हाताने ती जाड केबल ओढली, तेव्हा खांद्यातून कळ गेली. तेवढ्यात मागे दुसरी मोटार आली. ‘काका, दोघांची जागा अडवलीत की हो!’ असे त्या तरुणाने ऐकवले. खुर्ची दिसली तेव्हा तो बिचारा ओशाळला आणि पुढचे सर्व काम त्यानेच करून दिले.

तपासणी चालू असताना सर म्हणाले, ‘डॉक्टर, जुन्या मोटारीत मी पंपावर नुसती काच खाली करायचो. पोऱ्या यायचा, पेट्रोल भरायचा, पैसे घ्यायचा. जागेवरून उठावे लागायचे नाही. नवी मोटार चालवायला सोपी, पण तिची भूक भागवायची म्हटली की मी पुन्हा अपंग.’

त्यांच्या या बोलण्यातच आजच्या विषयाचे मर्म आहे. आपल्याकडे पेट्रोल भरणारा माणूस पंपावर असतो, त्यामुळे दिव्यांग चालकाची अडचण आपोआप भागत होती. चार्जिंग केंद्रावर बहुधा कोणी नसते. चालकाने स्वतः उतरायचे, मोबाइलवरून यंत्र सुरू करायचे, केबल ओढून मोटारीला जोडायची आणि काम झाले की ती परत ठेवायची. धडधाकट माणसाला हे दोन मिनिटांचे काम. पण सरांचे पाय दोन्ही ठिकाणी तेच असताना एका ठिकाणी ते स्वावलंबी होते आणि दुसऱ्या ठिकाणी परावलंबी झाले. हा फरक त्यांच्या शरीराने केला नाही, जागेच्या आखणीने केला.

आता वैद्यकीय बाजू पाहू. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याचा खांदा पायाचेही काम करतो. खुर्ची ढकलणे, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून मोटारीत अंग उचलून नेणे, हा सारा भार खांद्यांवर. त्यामुळे सांध्याभोवतीचे स्नायुबंध लवकर झिजतात. ज्यांना लहानपणी पोलिओ झाला त्यांच्यात उतारवयाकडे झुकताना उरलेले स्नायूही थकू लागतात व नव्याने अशक्तपणा जाणवतो. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला, ही अभिमानाची गोष्ट. परंतु त्यापूर्वी ज्यांना हा रोग झाला ते आपल्यातच आहेत. त्यांतील अनेक जण आज चाळिशी, पन्नाशी, साठीत आहेत. अशा व्यक्तीने जलद चार्जिंगची जड, ताठर केबल वाकडे होऊन एका हाताने ओढणे म्हणजे खांद्याच्या दुखापतीला आमंत्रणच. धडधाकट माणसाचा खांदा दुखावला तर तो पायांनी चालतो. यांचा दुखावला तर चालणेच थांबते.

थांबण्याचेही तसेच. जलद चार्जिंगलासुद्धा अर्धा-पाऊण तास जातो, शिवाय रांग असली तर वेगळाच वेळ. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाला बसल्या जागी त्वचेवरचा दाब कळत नाही. दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंग उचलून दाब हलका केला नाही तर जखम होऊ शकते आणि ती भरायला महिने लागतात. मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही, त्यामुळे उन्हात शरीराचे तापमान झपाट्याने वाढते. अनेकांना ठराविक तासांनी नळीने लघवी काढावी लागते. जवळच्या स्वच्छतागृहात खुर्ची शिरत नसेल तर ते प्रवासात पाणी पिणेच टाळतात, आणि मग मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ठरलेला. म्हणून सावली, सपाट वाट आणि खुर्ची जाईल असे स्वच्छतागृह या गोष्टी औषधाइतक्याच आवश्यक आहेत.

मग जागा लागते तरी किती? मोटार उभी करण्याची नेहमीची जागा अडीच मीटर रुंद धरतात. मध्यम मोटार सुमारे एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे दोन्ही बाजूंना एक-एक फुटाहून थोडी अधिक जागा उरते. चाकाची खुर्ची दोन फुटांहून रुंद. ती तेथे मावणारच नाही, हे सांगायला गणिताचा शिक्षक नको. आपल्या बांधकाम नियमांत अपंगांच्या मोटारीसाठी किमान ३.६ मीटर रुंद जागा सांगितली आहे, ती याच हिशेबाने. मोटार एका अंगाला लावली की दुसऱ्या अंगाला जवळपास पाच फूट मोकळे राहतात. तेवढ्यात दार पूर्ण उघडते, खुर्ची उलगडते आणि वळतेही. त्याच्या जोडीला यंत्र जमिनीच्या पातळीवर हवे, समोर अडसर नको, आणि पडदा व केबलची मूठ चार फुटांच्या आत हवी, कारण बसलेल्या माणसाचा हात त्याहून वर सहज पोचत नाही. खाली खडी किंवा उखडलेले पेव्हर ब्लॉक नसावेत. मदतीसाठी केवळ दूरध्वनी क्रमांक लिहून भागणार नाही. कर्णबधिर व्यक्तीही वाहने चालवतात. लिखित संदेशाची सोयही हवी.

परदेशात हा विचार सुरू झाला आहे. ब्रिटनच्या मानक संस्थेने २०२२ साली सर्वांना वापरता येतील अशा चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. अमेरिकेतील ‘ॲक्सेस बोर्ड’ या सरकारी संस्थेने त्याच वर्षी शिफारशी केल्या. त्यांत ११ फूट रुंदीची जागा व तिच्या शेजारी ५ फुटांची मोकळी पट्टी सुचवली आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक सोयी सर्वांना वापरता येण्याजोग्या असाव्यात, हे तत्त्व आहे. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देऊ नये, असे त्याचे ४४ वे कलम सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर स्पष्ट निकाल दिला. सुगम्यतेची मानके केवळ मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, काही नियम बंधनकारक करावेच लागतील, असे न्यायालयाने केंद्र सरकारला बजावले.

हे सर्व आत्ताच बोलण्याचे कारण आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरी भागात दर एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात एक चार्जिंग केंद्र असावे, असे उद्दिष्ट आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला केंद्राची कल्पना आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत केंद्रे भराभर उभी राहणार. सिमेंट ओतण्यापूर्वी आराखड्यात रेघ तीन फूट सरकवायला फारसा खर्च येत नाही. सिमेंट वाळल्यावर चौथरा फोडायचा, यंत्र हलवायचे, जमिनीखालची केबल नव्याने टाकायची म्हटले की ‘पुढच्या अंदाजपत्रकात बघू’ हे ठरलेले उत्तर येते. बस स्थानके, न्यायालये आणि सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्यांनी हा धडा आपल्याला पुरेसा शिकवला आहे.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा, की विजेची मोटार चालवणारे दिव्यांग आहेत तरी किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांगांची नोंद झाली. त्यांतील मोटारवाले आज थोडे असतील. परंतु सोय नाही म्हणून वापरणारे नाहीत, आणि वापरणारे नाहीत म्हणून सोय नाही, हे चक्र कोठेतरी तोडावे लागेल. शिवाय आपल्या राज्य शासनानेच दिव्यांगांना रोजगारासाठी विजेवर चालणारी फिरत्या दुकानाची वाहने देण्याची योजना आणली. वाहन द्यायचे आणि ते चार्ज करण्याच्या जागी माणूस पोचेल का, हे पाहायचे नाही, याला काय म्हणावे? रुंद जागा केवळ दिव्यांगांच्याच उपयोगाची असते असेही नाही. गुडघे धरलेल्या आजी, गरोदर स्त्री, पायाला प्लास्टर घातलेला तरुण, कडेवर मूल असलेली आई, या सर्वांना दार पूर्ण उघडावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. केंद्रावर दोनच जागा असताना त्यांतील एक राखीव ठेवली तर ती रिकामी राहील आणि इतर लोक ताटकळतील. यावर अमेरिकेत सुचवलेला तोडगा मला पटतो. रुंद जागा सर्वांना खुली ठेवावी, परंतु ‘इतर जागा भरल्यावरच येथे मोटार लावा’ अशी ठळक पाटी तेथे असावी. मोठ्या केंद्रांवर मात्र एखादी जागा पूर्णपणे राखीव हवी. एक सावधगिरीही घ्यावी. इमारतीच्या दाराजवळ अपंगांसाठी आधीच असलेली पार्किंगची जागा चार्जिंगला देऊन ‘दोन्ही सोयी केल्या’ असे दाखवू नये. ज्याला दिवसभर मोटार उभी करायची आहे आणि ज्याला तासाभरात चार्ज करून निघायचे आहे, त्या दोघांच्या गरजा वेगळ्या.

आपल्या पातळीवर काय करता येईल? नगरपालिका व ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. पालिकेच्या जागेवर चार्जिंग केंद्र होत असेल तर रुंद जागा व उतार ही अट करारातच घालावी, आणि जुन्या केंद्रांच्या दुरुस्तीला या निधीचा उपयोग होईल का ते पाहावे. आराखडा मंजूर होण्यापूर्वी चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या नागरिकाला जागेवर बोलावून विचारावे. तासाभराच्या त्या भेटीत ज्या चुका कळतील त्या कागदावर कळत नाहीत. महामार्गावरील हॉटेलमालकांनी केंद्राला जागा देताना स्वतःच्या स्वच्छतागृहाची पायरी तेवढी आधी काढावी.

दिव्यांग चालकांनीही काही पथ्ये पाळावीत. मोबाइलवर केंद्राची छायाचित्रे आधी पाहावीत. गादी व पाणी सोबत ठेवावे. थांबलेले असताना अंग उचलण्याचा नेम चुकवू नये. आणि खांदा दुखत असेल तर मदत मागण्यात कमीपणा मानू नये. इतरांनी तशी वेळच न आणता आधी विचारावे, आणि आपली मोटार चार्ज झाली की ती हलवावी.

सरांच्या खांद्याला सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला खांद्याची विश्रांती सांगणे म्हणजे काय, हे लिहून देताना मलाच अवघड वाटले. शाळेचे विद्यार्थी सध्या आळीपाळीने त्यांना वर्गात नेतात. त्यांना या मदतीचे कौतुक आहे, पण ज्या माणसाने चाळीस वर्षे कोणाला हाक मारली नाही त्याला ती बोचतेही. हे दुखणे पोलिओने दिलेले नाही. वीतभर चौथऱ्याने आणि तीन फूट कमी पडलेल्या जागेने दिलेले आहे. त्यावरचा उपाय माझ्या औषधांच्या कपाटात नाही, आराखड्यावर सही करणाऱ्यांच्या हातात आहे.