संमती कुणाची आणि पहारा कुणावर?

१४ नोव्हेंबर २०२५ रोजी, ऐन बालदिनी, केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम जाहीर केले. कायदा २०२३ चा आहे. त्याच्या व्याख्येनुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण 'बालक' ठरतो. कलम ९ नुसार त्याची माहिती वापरण्याआधी, म्हणजे साधे खाते उघडून देण्याआधीही, कंपनीने आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची पडताळलेली संमती घ्यायची आहे. ही तरतूद लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ उजाडेल. वरवर पाहता हा नियम कुणालाही पटेल. मुलांच्या भल्याला विरोध कोण करणार? म्हणूनच त्याची चिरफाड आजच केली पाहिजे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. याच कलमात मुलांवर पाळत ठेवायला, त्यांच्या सवयी टिपायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला बंदी घातली आहे. तिला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. आमचा विरोध आहे तो दारावर बसवलेल्या पालकरूपी पहारेकऱ्याला.

मुळात कायद्याच्या डोळ्यांसमोरचा पालक कोण? ज्याचा स्वतःचा स्मार्टफोन आहे, ज्याचा आधार त्याच नंबरला जोडलेला आहे, ज्याचे डिजिलॉकर चालू आहे आणि इंग्रजी सूचना वाचून जो 'मान्य' वर बोट ठेवतो, तो. आता दिघा, तुर्भे स्टोअर्स, रबाळ्याच्या वस्त्यांमध्ये या. बाप पहाटे नाक्यावर उभा, आई वाशी-नेरूळच्या सोसायट्यांत धुणीभांडी करते, घरात एकच फोन आणि त्याचे सिमकार्ड भलत्याच नातेवाइकाच्या नावावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात फक्त ३३ टक्के निघाल्या, पुरुष ५७ टक्के. ज्या आईने स्वतः इंटरनेट पाहिलेले नाही, तिने मुलीच्या इंटरनेटला पडताळलेली संमती द्यायची!

बीडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, मुले आजीकडे राहतात. प्रेमाने सांभाळणारी आजी आपोआप कायदेशीर पालक होत नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचे आईवडील शेकडो मैल दूर असतात. चूक झाली तर कंपनीला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. एवढी जोखीम असताना कंपनी कुणाला आधी वगळेल? ज्याची कागदपत्रे अपुरी, त्यालाच.

कागदावरची संमती कशी असते, हे आपण अपार आयडीच्या वेळी पाहिले आहे. विद्यार्थ्यांचा हा ओळख क्रमांक ऐच्छिक असून पालकांच्या संमतीने काढायचा आहे, असे सरकार सांगते. वस्तीत मात्र मुले फॉर्म घेऊन घरी येतात आणि 'उद्या सही करून आणा' एवढाच निरोप असतो. माहिती कुठे जाणार, नकार दिला तर काय, हे विचारायचे असते हेच पालकांना कुणी सांगितलेले नसते. सही होते, अंगठा उमटतो आणि सरकारदरबारी संमतीची नोंद होते. गरिबाच्या सहीला आपल्याकडे संमती म्हणतात आणि त्याच्या प्रश्नाला अडथळा.

आता दुसरी बाजू पाहू. पालक हा जातीच्या आणि पुरुषसत्तेच्या बाहेर उभा असलेला निष्पक्ष माणूस नसतो. २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या १२ गावांनी अविवाहित मुलींच्या मोबाइल वापरावर बंदी घातली आणि त्याच ठरावात आंतरजातीय लग्नालाही गुन्हा ठरवले. मोबाइल आणि आंतरजातीय लग्न एकाच ठरावात का आले, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाच्या २०२३ च्या असर अहवालात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. या दरीवर आता कायद्याचा शिक्का बसणार. ज्या मुलीला घरातल्या छळाबद्दल मदत मागायची आहे, तिने त्याच घराची परवानगी आणायची का?

घरच्यांच्या मर्जीवर ज्ञान सोपवले असते तर काय झाले असते, हे १८४९ सांगते. शूद्रातिशूद्रांना शिकवतात म्हणून जोतिराव आणि सावित्रीमाईंना घर सोडावे लागले. घरच्या संमतीसाठी ते थांबले असते, तर आपल्या आज्या अक्षरालाच मुकल्या असत्या.

वयाचा हिशेबही बघा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बिगर-धोकादायक कामावर ठेवता येते. २०१५ च्या बालन्याय कायद्याने घृणास्पद गुन्ह्यात १६ वर्षांच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. राबायला १४, खटल्याला १६, आणि अभ्यासाचे खाते उघडायला मात्र १८! अमेरिकेत ही मर्यादा १३ आहे. युरोपात १६ असून देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनेही २०१८ च्या अहवालात मुलांच्या स्वायत्त विकासाच्या दृष्टीने १८ हे वय जास्त वाटू शकते, हे मान्य केले होते.

यातून होणार काय? मुले वय खोटे सांगतील. एकदा प्रौढ म्हणून नोंद झाली की जाहिराती आणि पाळतीपासूनचे संरक्षणही हातचे जाईल. म्हणजे ज्या मुलाला संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे, तोच संरक्षणाबाहेर फेकला जाईल. शिवाय पडताळणीच्या नावाखाली पालकांचीही माहिती गोळा होईल. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत, शेजारीच आपल्या वस्त्या आहेत. आपल्या माहितीवर ते श्रीमंत होणार आणि आपल्या पोरांना दार बंद! सरकारने मात्र अनुदान, लाभ, दाखले देताना स्वतःला याच अटीतून सूट घेतली आहे.

काही कार्यकर्ते म्हणतात, 'पोरं रील्समध्ये वाया चालली आहेत, जुगाराच्या ॲपमध्ये अडकत आहेत, पालकांचा वचक हवाच.' काळजी खरी आहे. पण जुगार मुलाच्या हाती देणारे यंत्र कंपनीने बनवले आहे. १२ तास राबून आलेल्या आईला त्याचा चौकीदार नेमून ते यंत्र थांबत नाही. जातिवाचक शिव्या देणारे, आपल्या मुलींचे फोटो फिरवणारे बहुतेक प्रौढच असतात. त्यांना या नियमाने काय अटकाव होणार?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. १३ वर्षांखाली पालकांची संमती ठेवा. १३ ते १८ मध्ये मुलाची स्वतःची संमती माना आणि सुरक्षिततेची जबाबदारी कंपनीवर टाका. कलम ९(५) नुसार सुरक्षित सेवांसाठी वयाची अट खाली आणण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. अभ्यास, ग्रंथालय, आरोग्य आणि कायदेशीर मदतीच्या सेवांसाठी तो लगेच वापरा. आजी-आजोबा आणि वसतिगृहाचे गृहपाल यांना सोप्या पद्धतीने मान्यता द्या. संमतीची सूचना मराठीत, ऐकता येईल अशी हवी.

मे २०२७ पर्यंत वेळ आहे. प्रत्येक विहारात रविवारी या नियमांचे वाचन ठेवा, १५-१६ वर्षांच्या मुलामुलींनाच बोलू द्या, त्यांची निवेदने आपल्या खासदारांकडे पोहोचवा. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगताना कुणाच्या घरची परवानगी आणायला सांगितली नव्हती.

जय भीम!