खटक्याला बांधलेली पट्टी

पाऊस ओसरू लागला की सोसायट्यांचे फोन सुरू होतात. हेज फार माजलंय, माणूस पाठवा. आपल्या धंद्याचा हा सुगीचा काळ, आणि बोटं कापली जाण्याचाही.

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका सोसायटीत ड्युरांटाच्या कुंपणावर बॅटरीची कात्री चालताना पाहिली. पुढच्या मुठीवरचा खटका सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून टाकला होता. दोन्ही हात मुठींवर असल्याशिवाय पातं हलू नये, म्हणून हे दोन खटके असतात. पट्टीमुळे एक हात मोकळा झाला आणि तो माळीदादा त्याच हाताने कापलेल्या फांद्या बाजूला सारत होता. विचारलं, तर म्हणाला, "साहेब, दिवसभर दाबून धरलं की मनगट भरून येतं."

त्याचं म्हणणं खरं होतं. यंत्र बंद करून, बॅटरी काढून मी पातं पाहिलं. दातांवर चीक वाळून काळा थर बसला होता, धार बोथट होती. असं पातं फांदी कापत नाही, चावतं. मग माणूस जोर लावतो, मोटर जास्त करंट ओढते, बॅटरी तापते, लवकर उतरते आणि मनगट भरून येतं. ती पट्टी बांधली माळ्याने, पण ती बांधायची पाळी आणली पात्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या ठेकेदाराने. माझा राग त्याच्यावर आहे.

देखभालीला रोजची दहा मिनिटं पुरतात. पहिलं काम बॅटरी काढून खिशात घालणं. जाड हातमोजे घालून पातं ब्रशने झाडा, चीक रॉकेलच्या फडक्याने पुसा, कोरडं करा आणि हलकं तेल सोडा. फायकस किंवा विलायती शेर कापलं असेल तर हे उद्यावर टाकू नका. चीक वाळला की खरवडावा लागतो. कण्हेरीचा रस विषारी, तेव्हा हात आणि फडकं दोन्ही धुवा. धार लावताना कानस दाताच्या मूळ उतारावरूनच, एकाच दिशेने फिरवा. सपाट बाजूला उठलेली खरखरीत कड धारेच्या दगडाने अलगद काढा.

वायर नसल्याने एक गैरसमज पक्का झालाय, की या यंत्राला शॉकची भीती नाही. यंत्राला वायर नसेल, कुंपणात असते. बागेतल्या दिव्यांची केबल, कॅमेऱ्याची वायर, गणपतीत सोडलेली आणि विसरलेली माळ. पातं त्यावर पडलं तर यंत्राची मूठ तुम्हाला वाचवणार नाही. म्हणून आधी कुंपण हाताने उकलून पाहा. गांधीलमाश्यांचं पोळं आणि बुलबुलाचं घरटंही तेव्हाच दिसतं. घरटं असेल तर तेवढा तुकडा पिल्लं उडेपर्यंत सोडा. सोसायटीला समजावणं आपलं काम आहे.

खटका सोडल्यावरही पातं क्षणभर चालू राहू शकतं. फांदी अडकली तर पातं थांबू द्या, बॅटरी काढा, मगच हात घाला. बोटापेक्षा जाड फांदीला सिकेटर लावा. घोड्यावर चढून अंग बाहेर झोकू नका, खाली उतरून घोडा सरकवा.

बॅटरीबद्दल थोडकं. तापलेली असताना चार्जिंगला लावू नका, उन्हातल्या बंद टेम्पोत ठेवू नका. काम बंद असलेल्या महिन्यांत ती अर्धी भरलेली आणि यंत्रातून काढलेली असावी. फुगलेली किंवा पडून चेपलेली बॅटरी पुन्हा वापरू नका, कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराकडे तसा आग्रह धरा.

त्या दिवशी पातं साफ करून धार लावायला आम्हाला पाऊण तास लागला. मग माळीदादाने स्वतःच पट्टी सोडली आणि कुंपणाची उरलेली बाजू दोन्ही हातांनी कापली.