झाडाखालची जमीन झाकायची कशाने?

सोसायटीची सर्वसाधारण सभा संपत आलेली असते. विषयपत्रिकेवर शेवटचा विषय उरतो : आंब्याखालच्या मोकळ्या जागेचे काय करायचे? पावसाळ्यात तिथे चिखल होतो, उन्हाळ्यात धूळ उडते, दोनदा लावलेली हिरवळ टिकली नाही. 'पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे होऊ,' असे कोणीतरी म्हणते आणि पाच मिनिटांत ठराव मंजूर होतो. या पाच मिनिटांचा आपल्या आरोग्याशी काही संबंध आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही. शाळा, सरकारी कार्यालये आणि रुग्णालयांच्या आवारातही थोड्याफार फरकाने हेच घडते.

मुळात तिथे हिरवळ मरते, याचा दोष मातीचा नसतो. लॉनसाठी लावले जाणारे बहुतेक गवत भर उन्हात वाढणारे आहे. दाट सावलीत ते विरळ होते, पिवळे पडते आणि शेवटी माती उघडी पडते. पण सावलीत काहीच उगवत नाही, हा समज खोटा आहे. सह्याद्रीतल्या जंगलात पावसाळ्यात झाडांखाली पाहावे. तेरडा, रानहळद आणि कितीतरी छोट्या फुलझाडांनी जमीन झाकून गेलेली असते. चुकते ती आपली निवड.

उघडी जमीन झाकणे गरजेचे आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कशाने झाकायची याचा. पेव्हर ब्लॉकखालची जमीन आधी दाबून घट्ट केली जाते. त्यामुळे पाणी मुरणे कमी होते, मुळांना हवा कमी मिळते आणि ज्या सावलीसाठी माणसे तिथे बसतात ती सावली देणारे झाडच हळूहळू खंगते. हा प्रश्न इतका गंभीर आहे की, राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्यापासून एक मीटरच्या आतले काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. शिवाय सावलीतल्या ब्लॉकवर पावसाळ्यात शेवाळ धरते. उतारवयात त्यावरून पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर घरातल्या माणसाचे हिंडणेफिरणे कायमचे थांबू शकते.

याउलट पानांनी झाकलेली माती पाणी धरून ठेवते, धूळ उडू देत नाही आणि पानांतून बाहेर पडणाऱ्या बाष्पामुळे आसपासची हवा थोडी गार राहते. आणखी एक फायदा सहसा कोणी मोजत नाही. आंब्या-पिंपळाची गळलेली पाने या रोपांच्या मधल्या फटींत जाऊन कुजतात, त्यांचेच खत होते. मग रोज सकाळी झाडलोट करून पाला पेटवण्याचे कारण उरत नाही. त्या धुरातले सूक्ष्म कण दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांना किती त्रास देतात, हे फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात कळते.

फिनलंडमध्ये झालेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. तिथल्या काही पाळणाघरांच्या उघड्या, खडीच्या अंगणांत संशोधकांनी जंगलातल्या जमिनीचा थरच आणून अंथरला. त्यात शेवाळ होते, ब्लूबेरीसारखी ठेंगणी झुडपे होती. तीन ते पाच वर्षांची मुले 28 दिवस तिथे खेळली, मातीत हात घातले, रोपे लावली. या प्रयोगाचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंमधली विविधता वाढली आणि रक्तातही प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या घटकांच्या बाजूने बदल दिसले. प्रयोग लहान होता, एकूण 75 मुलांचा. त्यावरून मुलांची ॲलर्जी कमी झाली, असे म्हणता येणार नाही. पण मुलांच्या पायाखाली काय आहे, हा फक्त शोभेचा प्रश्न नाही, एवढे त्यातून नक्की समजते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप डासांचा. डेंगी पसरवणारा एडिस डास साठलेल्या पाण्यात वाढतो. कुंडीखालची ताटली, टायर, उघडे पिंप ही त्याची घरे. मोकळ्या जमिनीत लावलेल्या रोपांखाली पाणी मुरते, साठत नाही. तेव्हा शोभेच्या पन्नास कुंड्या मांडण्यापेक्षा जमिनीतली लागवड अधिक सुरक्षित. मात्र पानांच्या बेचक्यात पाणी साठवणारी ब्रोमेलियाडसारखी झाडे टाळावीत.

दुसरा आक्षेप सापांचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पण साप येतो तो मुख्यतः उंदीर आणि लपायला जागा यांच्या शोधात. राडारोडा, विटांचे ढीग, उघड्यावरचे खरकटे आधी हलवावे. रोपे घोट्याच्या उंचीची ठेवावीत, गुडघाभर वाढू देऊ नयेत. भिंतीलगत आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी राखावी. रात्री त्या बाजूला जाताना पायात बूट आणि हातात विजेरी असावी.

मग लावायचे काय? मोंडो ग्रास गवतासारखे दिसते, बारमाही हिरवे असते आणि त्याला फिकट जांभळी छोटी फुले येतात. स्पायडर प्लांटची पांढरी फुले नाजूक असतात आणि ते विषारी नाही. आपला भुईचाफा तर सावलीचाच. उन्हाळ्यात, पाने येण्याआधी त्याची सुवासिक फुले थेट जमिनीतून वर येतात. हिवाळ्यात मात्र तो दिसेनासा होतो, म्हणून तो बारमाही रोपांमध्ये मिसळून लावावा. कडेला जिथे सकाळचे दोन-तीन तास ऊन येते तिथे अबोली छान फुलते. हळदही झाडांच्या विरळ सावलीत चांगली येते.

काय लावू नये, हे त्याहून महत्त्वाचे. पिवळ्या फुलांचे वेडेलिया स्वस्त असते, झपाट्याने पसरते, म्हणून सर्रास लावले जाते. पण ते मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले आहे आणि जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. कुंपणाबाहेर गेले की ते स्थानिक वनस्पतींना जगू देत नाही. डिफेनबेकिया, कॅलेडियम, सिंगोनियम आणि पीस लिली सावलीत सुंदर वाढतात, पण त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. लहान मुलाने पान चावले तर तोंडाची आग होते, जीभ-ओठ सुजतात, लाळ गळते. अशा वेळी तोंडातला चोथा काढून गार पाण्याने तोंड धुवावे, उलटी करवू नये आणि पानाचा तुकडा सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. श्वासाला किंवा गिळायला त्रास होत असेल तर एक क्षणही थांबू नये. पांढऱ्या फुलांचा चित्रक औषधी म्हणून लावला जातो, पण त्याच्या मुळीने कातडीवर फोड येतात. मुलांच्या खेळण्याच्या जागी ही रोपे नकोत.

लागवडीला जून-जुलै उत्तम. झाडाखाली खोल खणू नये, मुळे तुटतात. वरून दोन-तीन बोटे खतमातीचा थर द्यावा आणि वीतभर अंतरावर रोपे लावावीत. माती बुंध्याला टेकवू नये. पहिल्या वर्षी तण काढावे लागेल, उन्हाळ्यात पाणीही द्यावे लागेल. पुढे काम कमी होते.

बसायला बाक आणि चालायला एक पक्की, न घसरणारी वाट हवीच. व्हीलचेअर आणि काठी वापरणाऱ्यांसाठी ती आवश्यकच आहे. पण वाटेपुरती फरशी वेगळी आणि सगळीच जमीन फरशीखाली गाडणे वेगळे. पुढच्या सभेत हा विषय निघाला, तर ठेकेदाराच्या दरपत्रकाबरोबर रोपवाटिकेचेही एक दरपत्रक मागवावे आणि मगच हात वर करावा.